नोंद कोणाची? टॅग लावणाऱ्याची की वाचणाऱ्याची?

"सिस्टममध्ये तीन नग दाखवतंय, पण सापडत नाहीयेत." हे वाक्य कधीच ऐकलं नाही असं गिऱ्हाईक विरळाच. विक्रेता पडद्याकडे बघतो, मागच्या खोलीत जातो आणि पाच मिनिटांनी रिकाम्या हाताने परत येतो. तो खोटं बोलत नसतो. पडदाही मुद्दाम खोटं बोलत नसतो. वस्तू आणि तिची नोंद यांची मधेच कधीतरी फारकत झालेली असते आणि ती कोणाच्या लक्षात आलेली नसते, एवढंच.

ही फारकत किती सर्रास होते? निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोन अभ्यासकांनी एका मोठ्या किरकोळ विक्रेत्याच्या ३७ दुकानांतल्या जवळजवळ ३ लाख ७० हजार साठा-नोंदी तपासल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नसल्याचं म्हटलं आहे. ही काही वहीत पेन्सिलीने आकडे लिहिणारी दुकानं नव्हती. तिथे बारकोड होते, संगणक होते, पगारी माणसं होती. तरी दर तीन नोंदींपैकी जवळपास दोन चुकलेल्या.

चुका होतात त्या अगदी साध्या कारणांनी. दह्याचे चार वेगवेगळ्या स्वादांचे डबे गल्ल्यावर येतात, किंमत एकच असते, म्हणून घाईतला माणूस एकच डबा चारदा स्कॅन करतो. पैशांचा हिशोब बिनचूक राहतो आणि चारही स्वादांचा साठा चुकतो. चोवीस नगांच्या खोक्यात तेवीस निघतात, पण आवक नोंदताना खोका फोडून कोण मोजणार? परत आलेला शर्ट भलत्याच थप्पीत जातो. एखादा नग चोरीला जातो, आणि चोर जावक नोंद करून जात नाही.

यातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे नसलेला माल 'आहे' असं दाखवणारी. संगणकाच्या मते दोन नग शिल्लक आहेत, म्हणून तो नवी मागणी काढत नाही. फडताळ रिकामं आहे, म्हणून विक्री होत नाही. विक्री होत नाही, म्हणून शिल्लक दोनच राहते. हे चक्र पुढच्या वार्षिक मोजणीपर्यंत चालू शकतं. या काळात व्यवस्थापकाच्या अहवालात त्या वस्तूपुढे काय दिसतं? 'मागणी नाही.' वस्तू बनवणाऱ्यालाही तेच कळवलं जातं. त्याचा माल लोकांना नकोसा झालेला नसतो, लोकांसमोर तो आलेलाच नसतो. पण हे सिद्ध करायला त्याच्या हातात काही नसतं.

आरएफआयडी, म्हणजे वस्तूवर चिकटवलेला आणि रेडिओलहरींनी दुरून वाचता येणारा टॅग, हे या रोगावरचं औषध म्हणून विकलं जातं, आणि माझ्या मते ते लागूही पडतं. माझं भांडण औषधाशी नाही. ते कोणाच्या खर्चाने आणायचं आणि गुण आला की तो कोणाच्या खात्यात जमा करायचा, भांडण त्यावर आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत हे तंत्रज्ञान कुठे रुजलं आणि कुठे वाळून गेलं, याचा माग काढला तर रेडिओलहरींपेक्षा पैशाचा प्रवास जास्त उलगडा करतो.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात. बारकोड वाचायला तो डोळ्यांसमोर यावा लागतो, एकेक करून. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं, तेव्हापासून हा नियम बदललेला नाही. शिवाय नेहमीचा बारकोड वस्तूची जात सांगतो, व्यक्ती नव्हे. 'हा अमुक कंपनीचा अमुक साबण' एवढंच. त्या साबणाच्या लाख वड्यांवर तोच बारकोड असतो. आरएफआयडी टॅगमध्ये तिळाहूनही लहान चिप आणि तिला जोडलेली ॲल्युमिनियमची पातळ अँटेना असते. साध्या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरने, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राने, सोडलेल्या लहरींवरच चिप जागी होते आणि त्याच लहरी कमीजास्त परतवून आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक सहसा ९६ बिटांचा असतो, म्हणजे सुमारे ७९ वर २७ शून्यं इतके वेगवेगळे क्रमांक. साबणाच्या प्रत्येक वडीला स्वतःचं नाव मिळू शकतं. बंद खोक्यातले शेकडो टॅग एक-दोन सेकंदांत वाचून होतात.

परतवलेल्या लहरींवर संदेश पाठवण्याची ही कल्पना जुनी आहे. हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ सालीच तिच्यावर शोधनिबंध लिहिला होता. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांकडून लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट मिळाली. ती राजदूताच्या निवासस्थानी १९५२ पर्यंत भिंतीवर होती. तिच्या पोटात बॅटरी नसलेलं श्रवणयंत्र होतं, बाहेरून लहरी सोडल्या की खोलीतलं बोलणं परत पाठवणारं. आजच्या टॅगच्या घराण्यातला हा पूर्वज हेर होता, हे मी पुढच्या एका मुद्द्यासाठी लक्षात ठेवून आहे.

पुरवठा साखळीत ही कल्पना आली ती लिपस्टिकच्या निमित्ताने. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये काम करणाऱ्या केविन ॲश्टन यांना एका विशिष्ट तपकिरी छटेची लिपस्टिक दुकानात सतत संपलेली दिसायची, आणि कंपनीच्या नोंदी मात्र साठा भरपूर असल्याचं सांगायच्या. १९९९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत ऑटो-आयडी सेंटर हे संशोधन केंद्र सुरू झालं, त्याच्या संस्थापकांत ॲश्टन होते, सोबत संजय सरमा आणि डेव्हिड ब्रॉक. त्यांचा हिशोब असा की चिपमध्ये फार माहिती ठेवायची नाही, फक्त क्रमांक ठेवायचा आणि बाकी सगळं नेटवर्कवर. चिप जितकी मठ्ठ तितकी स्वस्त. पाच सेंटांचा टॅग हे तेव्हाचं स्वप्न होतं.

मग जून २००३ मध्ये वॉलमार्टने जाहीर केलं की आपल्या सर्वांत मोठ्या १०० पुरवठादारांनी जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर, म्हणजे खोके रचायच्या सपाट चौकटींवर, टॅग लावून माल पाठवावा. अमेरिकी संरक्षण खात्यानेही त्याच सुमारास तसंच फर्मान काढलं. त्या खात्याकडे निदान कारण तरी पक्कं होतं. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांनी सुमारे ४०,००० कंटेनर रणभूमीवर पाठवले आणि आत काय आहे हे कळेना म्हणून निम्म्याहून जास्त कंटेनर फोडून बघावे लागले. तिथे मागणारा, पैसे मोजणारा आणि त्रास भोगणारा एकच होता.

वॉलमार्टच्या बाबतीत तसं नव्हतं. टॅग पुरवठादाराने विकत घ्यायचा, पुरवठादाराच्या माणसाने चिकटवायचा, छापण्याचं यंत्र पुरवठादाराने आणायचं. वाचन होणार वॉलमार्टच्या दारात आणि फायदाही होणार वॉलमार्टच्या फडताळावर. फायदा झालाच नाही असं नाही. आर्कान्सॉ विद्यापीठाच्या अभ्यासात टॅग वापरणाऱ्या दुकानांत माल संपलेला असण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि ती काही लहान गोष्ट नव्हे. पण पुरवठादारांनी काय केलं बघा. तयार माल गाडीत चढण्याच्या जरा आधी खोक्यावर टॅग मारायचा आणि गाडी सोडायची. स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या गोदामात त्या टॅगचा उपयोग शून्य. लोकांनी याला आळस म्हटलं, मला तो शहाणपणा वाटतो. ज्या दिव्याचा उजेड शेजाऱ्याच्या अंगणात पडणार, त्यात आपण तेल किती घालणार?

पुढे बळजबरीचा टप्पा आला. २००८ च्या जानेवारीत वॉलमार्टच्याच सॅम्स क्लब या दुकान-साखळीने कळवलं की टॅग नसलेल्या प्रत्येक पॅलेटमागे दोन डॉलर आकारले जातील. वर्षभरात ती रक्कम १२ सेंटांवर आली. ही घसरण बोलकी आहे. टॅग लावून देण्याचं काम बारा सेंटांत होत असेल तर आधीचे दोन डॉलर हा दंडच होता. काही काळाने तो सगळा कार्यक्रम गाजावाजा न होता विझला. बहुतेक विश्लेषणांत खापर भौतिकशास्त्रावर फोडलं जातं. पाणी या लहरी पिऊन टाकतं आणि धातू त्या उडवून लावतो, त्यामुळे शीतपेयाच्या कॅनने भरलेलं पॅलेट दारातून गेलं की आतल्या बाजूचे टॅग वाचलेच जायचे नाहीत. त्यात पहिल्या पिढीच्या टॅगांची प्रमाणं, म्हणजे ते कसे बनवायचे आणि वाचायचे याचे तांत्रिक नियम, एकमेकांशी जुळत नव्हती. हे खरं आहे. पण 'जेन टू' हे एकसारखं प्रमाण २००४ मध्येच आलं होतं, चिपा सुधारत होत्या, दरही उतरत होते. तांत्रिक अडचण दरवर्षी कमी होत होती आणि उत्साहही दरवर्षी कमी होत होता. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याच्या खिशात काही परत येत नसेल तर यंत्र कितीही सुधारलं तरी फरक पडत नाही.

याच्या शेजारी कपड्यांचा धंदा ठेवून बघा. कापडात पाणी नाही, धातू नाही, म्हणून लहरींना ते सोयीचं, हे मान्यच. एका शर्टाचे पाच रंग आणि सहा मापं धरली तर तीस वेगळे माल होतात, हाताने मोजताना डोकं फिरतं, हेही खरं. पण झाराची मालक असलेल्या इंडिटेक्सने २०१४ साली जे केलं त्यातली हुशारी पैशाच्या मांडणीत होती. चोरी रोखणारं कडक प्लास्टिकचं जे बटण कपड्याला आधीपासून लागत होतं, त्यातच चिप बसवली. गल्ल्यावर बटण निघायचं, पुन्हा वापरात जायचं. म्हणजे चिपचा खर्च अनेक कपड्यांवर वाटला जायचा आणि गिऱ्हाईकाबरोबर चिप घरीही जायची नाही. कपडा त्यांचा, गोदाम त्यांचं, दुकान त्यांचं. टॅगचा खर्च ज्या खात्यात पडतो त्याच खात्यात वाढलेली विक्री जमा होते. डिकॅथलॉन आणि युनिक्लो याच वाटेने गेले. युनिक्लोच्या दुकानात टोपली यंत्रात ठेवली की बिल तयार होतं. तिथे कोणाला फर्मान काढावं लागलं नाही. मालकाने स्वतःच्या फायद्यासाठी स्वतःचा खर्च केला.

विमानाच्या सामानाचीही तीच गोष्ट. डेल्टा एअरलाइन्सने २०१६ मध्ये बॅगांच्या टॅगमध्ये चिप आणण्यासाठी ५ कोटी डॉलर खर्चल्याचं सांगितलं. बॅग हरवली की भरपाई द्यायची कोणी? विमान कंपनीने. शोधाशोध, घरपोच पाठवणी, शिव्याशाप, सगळं तिच्याच वाट्याला. म्हणून पैसेही तिनेच घातले आणि योजना चालली.

यावर कोणी म्हणेल, अहो, हा वाद जुना झाला. आज टॅग काही सेंटांवर आला आहे, इतक्या लहान रकमेवरून कोण भांडतं? वॉलमार्टने २०१० मध्ये जीन्स आणि अंतर्वस्त्रांपासून पुन्हा सुरुवात केली, २०२२ मध्ये घरगुती वस्तू, खेळणी, इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत टॅगची सक्ती वाढवली आणि या वेळी ती पचलीही. मग बिघडलं कुठे?

पहिली गोष्ट, टॅगची किंमत म्हणजे टॅगचा खर्च नव्हे. टॅग छापून त्यात क्रमांक भरणारी यंत्रं, वाया गेलेले टॅग, चिकटवण्याची मजुरी, चुकीच्या जागी चिकटवला म्हणून परत आलेला माल, क्रमांकांचा हिशोब ठेवणारी प्रणाली, हे सगळं त्यात येतं. मोठ्या कारखान्याला हा खर्च लाखो नगांवर वाटता येतो. लहान पुरवठादाराला, ज्याचा महिन्याचा मालच काही शे खोके, त्याला तोच टॅग नाकापेक्षा मोती जड होतो. त्याच्यापुढे दोनच पर्याय असतात, खर्च सोसायचा किंवा त्या गिऱ्हाइकाला माल विकणं सोडायचं. टॅगची सक्ती हा अशा रीतीने पुरवठादारांना गाळणाऱ्या चाळणीचा एक प्रकार होतो. तो तसा हेतू असतोच असं मी म्हणत नाही. पण परिणाम तो होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टॅग स्वस्त झाला आणि त्यातून निघणारी नोंद महाग झाली. पूर्वी मोठ्या विक्रेत्याला एवढंच कळायचं की माल आला आणि विकला गेला. आता त्याला कळतं की खोका कुठल्या दिवशी कुठल्या दारातून आत आला, मागच्या खोलीत किती दिवस पडून राहिला, फडताळावर कधी गेला, रिकामा होऊन कचऱ्यात कधी पडला. समजा एका पुरवठादाराचे वीस खोके सणासुदीच्या तोंडावर पोहोचले आणि नऊ दिवस मागच्या खोलीत थप्पीखाली दबून राहिले. मोसम गेला. विक्रेता पुरवठादाराला सांगणार, 'तुमचा माल चालला नाही, उरलेला परत घ्या, पुढच्या खेपेला दर कमी करा.' आणि त्या नऊ दिवसांची नोंद त्याच विक्रेत्याच्या संगणकात, पुरवठादारानेच पैसे देऊन लावलेल्या टॅगच्या जोरावर, सेकंदासकट पडून असणार. आंधळेपण दोघांना सारखं होतं तोवर निदान वाद घालता यायचा. आता एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही. सौदा दोघांत व्हायचा असतो, तेव्हा हा फरक थेट पैशात मोजला जातो.

कमी आलेल्या मालाच्या तंट्यांतही तेच. 'शंभर पाठवले म्हणता, अठ्ठ्याण्णव पोहोचले' असं सांगून बिलातून रक्कम कापून घेतली जाते. रीडरवर अठ्ठ्याण्णवच उमटले, म्हणून अठ्ठ्याण्णव. इथे टॅगचा मूळ स्वभाव माहीत असायला हवा. वाचला गेलेला टॅग तिथे होता एवढं नक्की सांगता येतं, पण न वाचला गेलेला टॅग तिथे नव्हता असं सांगता येत नाही. तो धातूआड गेला असेल, दोन टॅग एकमेकांना चिकटले असतील, अँटेना दुमडली असेल. उलटही घडतं. शेजारच्या दारातून जाणारा माल या दारातला रीडर वाचून मोकळा होतो. अनुभवी गोदामवाल्यांना हे पाठ असतं. पण आकडा एकदा पडद्यावर आला की त्याच्यावरची शंका निघून जाते, आणि वजावट काढणाऱ्या विभागात दारापाशी उभा राहिलेला माणूस कोणी नसतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्याने टॅग मागितला त्याने टॅगचा खर्च उचलावा, आणि ज्याचा माल त्याला त्याच्या मालाची वाचनं परत मिळावीत. विनवणीने नाही, करारातल्या कलमाने. आणि जिथे करार लिहिणाऱ्या दोघांपैकी एक डोंगराएवढा आणि दुसरा खड्याएवढा असेल, तिथे कायद्याने.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे हा बहाणा चालणार नाही. अशी वाचनं एका कंपनीने दुसरीला कशी द्यायची याचं प्रमाण २००७ पासून अस्तित्वात आहे, ईपीसीआयएस नावाचं. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस-वन या संस्थेच्या छत्राखाली ते तयार झालं आणि २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्तीही आली. कोणती वस्तू, कधी, कुठे आणि कोणत्या कामाच्या टप्प्यावर वाचली गेली, एवढंच त्यात मांडायचं असतं. नळ बसवलेला आहे. तोटी एकाच बाजूने फिरते, ही खरी अडचण.

सगळ्याच मालावर टॅग लावावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. औषधांचं उदाहरण बोलकं आहे. बनावट औषधांना आळा घालायला आरएफआयडीच हवी, असं २००५ च्या सुमाराला छातीठोक सांगितलं जात होतं, आणि फायझरने व्हायग्राच्या बाटल्यांवर टॅग लावूनही पाहिले. पण अमेरिकेचा २०१३ चा कायदा आणि युरोपात फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेले नियम, दोन्ही ठिकाणी डब्यावर छापलेला चौकोनी द्विमितीय कोडच चालतो. तोही प्रत्येक डब्याला वेगळा क्रमांक देतो. छापायला जवळजवळ फुकट, कॅमेऱ्याने वाचता येतो, पाण्याला आणि धातूला घाबरत नाही. औषधविक्रेता तसाही डबा हातात घेतोच, मग एकेक करून दाखवण्यात त्याचं काय जातं? शिवाय टॅग ओळख देतो ती स्वतःची, वस्तूची नव्हे. खऱ्या बाटलीवरचा टॅग खोट्या बाटलीवर चिकटवला तर रीडर आनंदाने खोट्या बाटलीला खरी म्हणेल. जिथे न उघडता, न बघता, घाऊक मोजायचं आहे तिथे रेडिओ. बाकी ठिकाणी शाई पुरते.

गोदामात राबणाऱ्यांबद्दल थोडंच. रात्रभर जागून हाताने केलेली मोजदाद ज्यांनी केली आहे, ते टॅगला दुवाच देतील. हातातला रीडर फिरवत तासाभरात काम उरकतं. पण तोच रीडर कोणाच्या हातात होता, किती वाजता कुठल्या रांगेत थांबला, हेही नोंदवतो. माल मोजायला आणलेलं यंत्र माणूस मोजायला लागतं, आणि ते कोणाच्या निर्णयाने झालं हे विचारलं तर कोणाकडेच उत्तर नसतं. त्या नोंदीवर पगार कापायचा असेल तर ती नोंद कामगारालाही दिसली पाहिजे. पुरवठादाराला लावलेला न्याय इथेही तोच.

आता तो लाकडी राजमुद्रेतला हेर. टॅग वाचायला तो डोळ्यांसमोर यावा लागत नाही, हा गोदामात त्याचा गुण आहे आणि रस्त्यावर दोष. कपड्याच्या शिवणीतली चिप कोणीही, न विचारता, काही मीटरवरून वाचू शकतं. तिच्यात तुमचं नाव नसतं हे खरं. पण तोच क्रमांक सोमवारी एका दारात आणि गुरुवारी दुसऱ्या दारात उमटला की माग तयार होतो, आणि एका दारात तुम्ही कार्डाने पैसे दिले की मागाला नाव चिकटतं. लोकांना हे लवकर समजलं. २००३ मध्ये बेनेटनच्या कपड्यांत चिप येणार अशी बातमी आली, बहिष्काराची हाक उठली आणि कंपनीने काही आठवड्यांत सारवासारव केली. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या राइनबर्ग इथे मेट्रो या विक्री कंपनीच्या दुकानात ग्राहक-कार्डातच चिप असल्याचं उघड झालं, निदर्शनं झाली, कार्ड मागे घ्यावी लागली. 'जेन टू' प्रमाणात चिप कायमची मारण्याचा आदेश आहे, ३२ बिटांचा परवलीचा शब्द देऊन. युरोपीय आयोगाने मे २००९ मध्ये शिफारसही केली की किरकोळ विक्रीत गिऱ्हाईक स्वतः 'राहू दे' म्हणत नसेल तर टॅग गल्ल्यावरच बंद करावा. पण ती शिफारस होती, कायदा नव्हे, आणि तिला पळवाटाही होत्या. किती दुकानं आज गल्ल्यावर चिप मारतात, हे आपापल्या कपाटातल्या लेबलांकडे बघून ज्याने त्याने ठरवावं. शिवणीतलं पांढरं लेबल उजेडासमोर धरलं की आतली नागमोडी अँटेना दिसते.

या प्रश्नाला आता नवा पीळ बसला आहे. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या युरोपीय नियमाने वस्तूंना 'डिजिटल पासपोर्ट' देण्याची वाट मोकळी केली. मोठ्या बॅटऱ्यांसाठी वेगळ्या नियमाने तो फेब्रुवारी २०२७ पासून बंधनकारक होतो आहे. हेतू चांगला आहे. वस्तू कशापासून बनली, दुरुस्त कशी करायची, शेवटी वेगळी कशी करायची, हे ती वस्तू स्वतःच सांगेल. पण त्यासाठी तिची ओळख विक्रीनंतरही जिवंत राहायला हवी. म्हणजे गोपनीयता म्हणते गल्ल्यावर मारा, पुनर्वापर म्हणतो दहा वर्षं जगवा. मला यातली तोड अवघड वाटत नाही. गल्ल्यावर रेडिओ मारावा आणि छापील कोड ठेवावा. छापील कोड मालकाने वस्तू हातात घेऊन दाखवल्याशिवाय बोलत नाही. रेडिओ विचारल्याशिवायच बोलतो. भंगारातले कपडे यंत्राने झटपट वेगळे करायला रेडिओ सोयीचा पडतो हे मला ठाऊक आहे, आणि त्या सोयीवर पाणी सोडावं लागेल हेही. ज्याला हवं त्याने मागून जिवंत ठेवून घ्यावा.

राहता राहिला मधल्या व्यापाऱ्यांचा आक्षेप, आणि तो मी हलक्यात घेत नाही. घाऊक व्यापारी म्हणतो, माझ्या गोदामातली वाचनं उत्पादकाला दिली तर मी कोणाला माल विकतो हे त्याला कळेल आणि उद्या तो मला वगळून थेट तिकडे जाईल. हे घडू शकतं. व्यापाऱ्याची सगळी मिळकत त्या ओळखीपाळखीवरच उभी असते. पण उत्पादकाला गिऱ्हाइकाचं नाव लागतच नाही. त्याला लागतं ते एवढंच: माझा खोका आला कधी, बाहेर गेला कधी, मधे किती दिवस बसला, आणि मोजताना किती भरला. ठिकाणाच्या जागी फक्त टप्प्याचं नाव टाकता येतं, आवक, साठा, जावक. नाव झाकून वेळ दाखवता येते. वजावट काढायची असेल तर मात्र ती झाकलेली नोंद पुरेशी नाही. त्या खेपेची, त्या दाराची, त्या वेळेची सगळी कच्ची वाचनं दोघांसमोर ठेवावी लागतील, आणि ज्याला ती ठेवायची नसतील त्याने बिलातून पैसे कापू नयेत.